अर्जुनसालीच्या काढ्यात अँटिऑक्सिडंट आहेत का? घरीच पाहा

अर्जुनाची साल काष्ठौषधीच्या दुकानात सहज मिळते. नदीकाठी झाड दिसलं म्हणून कोयता घेऊन धावू नका. बुंध्याभोवतीची साल गोल निघाली की पानांत तयार झालेलं अन्न मुळांपर्यंत उतरत नाही आणि झाड वाळतं. साल चावून बघा, तोंड तुरट होऊन जीभ कोरडी पडेल. हा तुरटपणा टॅनिनचा. आपल्या चाचणीत मुख्य काम तेच करणार.

१० ग्रॅम साल जाडसर कुटा. काढ्याचं जुनं माप सोळापट पाण्याचं, म्हणजे १६० मिली. मंद आचेवर आठवा भाग, २० मिली, उरेपर्यंत आटवा. भांडं स्टीलचंच घ्या. लोखंडाशी टॅनिनची गाठ पडली की काढा काळाकुट्ट होतो. गाळून, पूर्ण गार करून एक चमचा काढ्यात दहा चमचे पाणी घाला, नाहीतर त्याचा तांबूस रंगच फसवेल.

आता दोन सारखे ग्लास, प्रत्येकात अर्धा कप पाणी, चमचाभर भाताची निवळ पेज आणि जखमेला लावायच्या पोव्हिडोन आयोडीनचे चार थेंब. पेजेतला स्टार्च आणि आयोडीन मिळून दोन्हीकडे गडद निळा रंग येईल. एकात ड्रॉपरने काढा सोडा, ढवळत थेंब मोजा. दुसऱ्यात तेवढेच थेंब साध्या पाण्याचे. काढ्याकडचा निळा उडाला आणि पाण्याकडचा टिकला, तर काढ्याने आयोडीनला इलेक्ट्रॉन दिले. अँटिऑक्सिडंटचं काम ते हेच.

पहिल्या वेळी मी गरम काढाच ओतला आणि निळा झटक्यात गेला म्हणून खूश झालो. मग शेजारी नुसतं उकळतं पाणी ओतलं, तर तिथलाही गेला! गार झाल्यावर परत आला. उष्णतेने हा रंग तसाही उडतो.

बाभळीची साल किंवा बिनदुधाचा चहा शेजारी लावून बघायचा असेल तर वजन, पाणी, आटवणं सगळं सारखं ठेवा आणि प्रत्येक मोजणी तीनदा करा.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत हेच डीपीपीएच या जांभळ्या द्रव्याने करतात. १९५८ साली ब्लॉइस यांनी मांडलेली ही पद्धत. मिथेनॉलमधलं द्रावण अर्क घालून ३० मिनिटं अंधारात ठेवायचं, मग ५१७ नॅनोमीटरच्या प्रकाशाचं शोषण मोजायचं. अर्काविना ०.८० आणि अर्कासह ०.२० आलं, तर अर्काने ७५ टक्के जांभळा रंग उडवला. मिथेनॉल विषारी, ते घरी नको.

ग्लासातला रंग शरीरात काय घडतं ते सांगत नाही. हृदयाची औषधं चालू असतील तर उरलेला काढा डॉक्टरांना विचारल्याशिवाय पिऊ नका. त्यात गंजका खिळा टाकून रात्रभर ठेवा, सकाळी बोरूने लिहिण्याजोगी शाई झालेली असेल.