दातांना तारा लावायच्यात? काय काय होतं ते आधीच ऐकून घ्या

मी तारा दोनदा लावल्यात. एकदा नववीत आणि परत तिशीत, कारण पहिल्या वेळचा रिटेनर (तारा काढल्यावर दात जागेवर राहावेत म्हणून घालायचा साचा) हॉस्टेलच्या मेसमध्ये टिश्यूत गुंडाळून ताटात ठेवला होता, तो खरकट्याबरोबर गेला आणि मी घरी सांगितलंच नाही. हळूहळू खालचे पुढचे दात परत एकमेकांवर चढले. त्यामुळे हे सगळं दोनदा पैसे मोजलेल्या माणसाकडून आहे असं समजा.

आधी डॉक्टर. दातांचे डॉक्टर बीडीएस असतात, पण दात सरकवण्यात स्पेशलायझेशन असतं ते ऑर्थोडॉन्टिस्टचं, म्हणजे बीडीएसनंतर त्याच विषयात ३ वर्षं एमडीएस. सरळ विचारा, कोणी रागावत नाही. बऱ्याच क्लिनिकमध्ये ते ठरावीक दिवशीच येतात, मग मधेच काही तुटलं तर कोण बघणार हेही तेव्हाच विचारून ठेवा. खर्च विचारताना नुसता आकडा ऐकून परत येऊ नका, त्यात एक्स-रे, दात काढणं, निघालेलं ब्रॅकेट (तार अडकवायला दातावर चिकटवतात तो छोटा तुकडा) परत चिकटवणं आणि शेवटचा रिटेनर यातलं काय काय धरलंय ते लिहून घ्या. बजेट कमी असेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरला सरकारी डेंटल कॉलेजं आहेत, मुंबईत पालिकेचं नायरही आहे. तिथे पीजीचे विद्यार्थी सरांच्या देखरेखीखाली करतात, पैसे बरेच वाचतात, पण अर्धा दिवस बाकावर बसायची तयारी हवी.

पहिल्या एक-दोन भेटीत तारा लागतच नाहीत. अख्ख्या जबड्याचा एक एक्स-रे (ओपीजी म्हणतात), एक बाजूने, मग फोटो आणि दातांचं माप. मापासाठी ट्रेमध्ये गार लगदा भरून तोंडात दाबतात तेव्हा उमळून येतं, मान थोडी पुढे घ्या आणि नाकाने श्वास घेत रहा, मिनिटभराचा प्रश्न असतो. काही ठिकाणी आता स्कॅनर फिरवतात, तिथे हा त्रास नाही.

मग कधीकधी येतो तो धक्का, "चार दात काढावे लागतील." चांगले, न किडलेले! आमच्याकडे आजीने दोन दिवस डॉक्टरांना नावं ठेवली. पण एसटीच्या तिघांच्या सीटवर चौघं बसले की एकजण पुढे येणारच, तसंच आहे ते, म्हणून सुळ्यामागचे दात काढून जागा करतात. सगळ्यांनाच लागतं असं नाही, तेव्हा "का" हे एक्स-रे समोर ठेवून समजावून घ्या.

दाढांना बँड (दाढेभोवती बसणारी धातूची कडी) बसवायचे असतील तर काही दिवस आधी दाढांच्या फटीत छोटी रबरी रिंग घालतात, सेपरेटर. आंब्याची शीर अडकल्यावर कसं होतं, तसं दिवसभर. टूथपिक घालून काढायची नाही!

तारा लावायच्या दिवशी मात्र दुखत नाही, इंजेक्शनही नसतं. गाल ताणून धरायला प्लास्टिकचं एक काहीतरी घालतात, दातांना आंबटसर जेल लावून धुतात, मग एकेक ब्रॅकेट चिकटवून निळा लाइट मारतात आणि शेवटी तार अडकवतात. तास-दीड तास जातो. घरी येताना मला वाटलं, हात्तिच्या, एवढंच? आणि रात्री पोळीचा पहिला घास घेतला. ठणकत नाही, पण दातावर दात टेकला की जीव जातो, मऊ पोळीसुद्धा तुटत नव्हती, शेवटी आमटीत कुस्करून गिळली. दुसरा दिवस सगळ्यात वाईट आणि ३ ते ५ दिवसांत ओसरतं. तोवर मऊभात, खिमट, उपमा, पिठलं-भात. गोळी कुठली घ्यायची ते निघतानाच विचारा. गालाला ब्रॅकेट घासून तोंड येतं, त्यासाठी डॉक्टर मेण देतात, पण ब्रॅकेट आधी कोरडं पुसून मग लावा नाहीतर पाच मिनिटांत मेण पोटात.

पुढे दर ४ ते ६ आठवड्यांनी तार बदलणं किंवा टाइट करणं. "लवकर नाही का होणार" असं मी दर वेळी विचारायचो. दाब पडतो त्या बाजूचं हाड झिजतं, मागे नवीन भरतं, तेव्हा कुठे दात सरकतो, महिन्याला साधारण १ मिलिमीटर. म्हणून एकूण दीड-दोन वर्षं धरून चाला. पण निम्मं काम घरी असतं. वर-खाली अडकवायची रबरं दिली तर ती दिवसरात्र घालायची, नुसती अपॉइंटमेंटच्या आदल्या दिवशी नाही (डॉक्टरांना तोंड उघडताच कळतं).

ब्रॅकेटभोवतीच्या बारीक रबरांचा रंग विचारतात तेव्हा हौसेने ट्रान्सपरंट सांगू नका. मी सांगितलं आणि हळदीने दोन दिवसांत पिवळीधमक, पुढची भेट होईपर्यंत ओठ मिटून हसलो. राखाडी घ्या नाहीतर गडद निळा. चकली, चिक्की, ऊस, कणीस, कडक पेरू, डिंकाचा लाडू बंद, सफरचंद फोडी करून. दिवाळीत माझं एक ब्रॅकेट चकलीने निघालं आणि तारेवर मण्यासारखं पुढे-मागे फिरत बसलं. आणि ब्रश प्रत्येक खाण्यानंतर, तारेखालून बारीक इंटरडेंटल ब्रश फिरवून, नाहीतर शेवटी तारा काढल्या तरी ब्रॅकेटच्या जागेभोवती पांढरे डाग राहतील.

पारदर्शक अलाइनरचं, म्हणजे तारांऐवजी दातांवर चढवायच्या प्लास्टिकच्या साच्यांचं, थोडक्यात सांगतो: दिसत नाहीत, काढून खाता येतं, महाग पडतात आणि दिवसाचे २० ते २२ तास घालावे लागतात. स्वतःवर भरवसा असेल तरच.

तारा काढल्या की दात इतके गुळगुळीत लागतात की जीभ तिथून हलत नाही. त्याच दिवशी किंवा लगेच रिटेनर मिळतो, कारण दात परत जुन्या जागी जायला बघतात. सुरुवातीला डॉक्टर सांगतील तितके महिने दिवसरात्र, मग रात्री, आणि ते रात्रीचं वर्षानुवर्षं चालतं. गरम पाण्याने धुवायचा नाही, वाकडा होतो. माझी डबी यावेळी भडक केशरी आहे, वर मार्करने मोबाइल नंबर. हॉटेलात जेवायला बसलो की रिटेनर डबीत आणि डबी पँटच्या खिशात. बायको दर वेळी विचारते, "ठेवलास?"