अकरावी विज्ञानातला एक विषय सोडायचा असेल तर आईवडिलांशी कसे बोलावे

दहावीनंतर विज्ञान शाखेला जाणारी बरीच मुले भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि जीवशास्त्र असे चारही विषय घेतात. घरच्यांचे म्हणणे सरळ असते : इंजिनिअरिंग आणि मेडिकल दोन्ही वाटा मोकळ्या राहू द्या, पुढचे पुढे पाहू. सहामाही जवळ आली की मात्र अनेकांच्या ध्यानात येते की चार विषयांचे क्लास, दोन प्रवेश परीक्षांची तयारी आणि वर प्रात्यक्षिकांच्या जर्नल्स यांत एकही विषय धड होत नाही. एक विषय सोडावा असे मनात पक्के होते, पण घरी सांगायचे कसे, इथे गाडी अडते. राज्य मंडळाच्या कनिष्ठ महाविद्यालयातील अशा विद्यार्थ्यांसाठी हे लिहीत आहे.

एक गोष्ट आधी समजून घ्यावी. आईवडिलांना जीवशास्त्र किंवा गणित या विषयाचे अप्रूप क्वचितच असते. त्यांना भीती असते ती एखादी वाट कायमची बंद होईल याची, आणि ती वाट मुलाने कंटाळ्याच्या भरात बंद केली असे पुढे ठरेल याची. म्हणून ‘मला जमत नाही’ किंवा ‘मला आवडत नाही’ हे कितीही खरे असले, तरी ते त्यांच्या भीतीचे उत्तर होत नाही. कोणती वाट बंद होते, कोणती होत नाही, आणि बंद झालेली पुन्हा उघडायची झाल्यास काय करावे लागते, हे जो विद्यार्थी स्वतः शोधून घरच्यांसमोर ठेवतो, त्याचे ऐकून घेतले जाते.

घरी बोलण्याआधी स्वतःची तपासणी करावी आणि ती प्रामाणिकपणे करावी. त्रास खरोखर विषयाचा आहे की शिकवण्याचा, की माध्यमाचा, हे वेगळे काढावे लागते. मराठी माध्यमातून दहावी झालेल्या मुलांना अकरावीत सगळे विज्ञान एकदम इंग्रजीत येते आणि पहिले तीन-चार महिने जीवशास्त्राचे पान वाचतानाच दमछाक होते. ही अडचण विषय सोडून सुटत नाही, कारण रसायनशास्त्रही त्याच भाषेत आहे. पहिल्या घटक चाचणीच्या २५ गुणांवर तर निर्णय मुळीच घेऊ नये. ज्या प्रकरणांत अडले आहे त्यांतली दोन निवडून, महिनाभर रोज ठरावीक वेळ देऊन ती पूर्ण करावीत आणि नंतर जुन्या प्रश्नपत्रिकांतील त्यांवरचे प्रश्न सोडवून पाहावेत. एवढे करूनही मन तिथेच असेल, तर घरी सांगायला तुमच्याकडे ठोस काहीतरी असते. अक्षरे-आकडे उलटसुलट दिसणे, साधी आकडेमोड वारंवार चुकणे अशा तक्रारी लहानपणापासूनच्या असतील, तर मात्र आधी अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यावी. प्रमाणपत्र मिळाल्यास मंडळाकडून वाढीव वेळेसारख्या सवलती मिळतात आणि कदाचित विषय सोडण्याची गरजच उरत नाही.

आता मूळ माहिती. राज्य मंडळाच्या बारावीला सहा विषयांचे ६०० गुण असतात, त्यामुळे विषय नुसता सोडता येत नाही, त्याच्या जागी दुसरा घ्यावा लागतो. केंद्रीय मंडळाच्या शाळेत सहावा विषय ऐच्छिक असतो आणि तो सोडणे तुलनेने सोपे जाते. आपल्याकडे तसे नाही. जीवशास्त्राऐवजी काही महाविद्यालये भूगोल देतात, काही माहिती तंत्रज्ञान देतात. इलेक्ट्रॉनिक्स किंवा संगणकशास्त्र हे द्विलक्षी (बायफोकल) विषय २०० गुणांचे असतात आणि द्वितीय भाषा व एक विज्ञान विषय अशा दोघांची जागा घेतात, पण त्यांच्या जागा मर्यादित असतात. तुमच्या महाविद्यालयात कोणत्या विषयाला मान्यता आहे आणि त्यात आता प्रवेश मिळेल का, हे कार्यालयात विचारून मगच घरी तोंड उघडावे. ‘मग त्याऐवजी काय घेणार?’ हा वडिलांचा पहिला प्रश्न असतो आणि त्यावर गप्प बसावे लागले तर पुढचे संभाषण तिथेच संपते.

जीवशास्त्र सोडले तर नीट परीक्षेचा आणि तिच्यामागच्या एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस या अभ्यासक्रमांचा रस्ता बंद होतो. फिजिओथेरपी, बीएस्सी नर्सिंग आणि पशुवैद्यकही जाते. नीटच्या ७२० गुणांपैकी ३६० जीवशास्त्राचे असतात, यावरून त्या विषयाचे वजन कळावे. बी.फार्मसी मात्र राहते आणि कृषी पदवीही राहते, कारण दोन्हींना गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी कोणताही गट चालतो. ही बाब फार घरांत ठाऊक नसते आणि ती कळली की आईच्या चेहऱ्यावरचा ताण बराच उतरतो. फार्मसीच्या पहिल्या सत्रात गणित गटातून आलेल्यांना जीवशास्त्राचा आणि जीवशास्त्र गटातून आलेल्यांना गणिताचा पूरक विषय शिकवतात, म्हणजे अभ्यासक्रम आखणाऱ्यांनीच दोन्ही प्रकारची मुले गृहीत धरलेली आहेत.

गणित सोडण्याचा निर्णय अधिक जड आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यासोबत अभियांत्रिकी जाते, आर्किटेक्चर जाते, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतील (एनडीए) हवाई दल व नौदलाची निवड जाते (भूदलासाठी बारावी कोणत्याही शाखेची चालते, पण प्रवेश परीक्षेत ३०० गुणांचे गणित सुटत नाहीच), आणि अनेक ठिकाणी संगणकशास्त्र व संख्याशास्त्राची बीएस्सीही जाते. शिवाय गणित सोडले म्हणून ते पूर्ण सुटत नाही. भौतिकशास्त्रात त्रिकोणमिती, सदिश, विकलन आणि थोडे संकलन पदोपदी लागते, आणि नीटमध्ये भौतिकशास्त्राचे १८० गुण आहेत. म्हणून गणित सोडणाऱ्याने ‘भौतिकशास्त्राला लागते तेवढे गणित मी करतच राहणार आहे’ हे घरच्यांना सांगावे, आणि सांगितल्याप्रमाणे करावे. वैद्यकीयकडे जायचे नक्की नसेल, फक्त गणिताची धास्ती असेल, तर मी हा विषय सोडायला सुचवणार नाही.

एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेचा भागही सोबत समजावून द्यावा. ही परीक्षा दोन गटांत होते आणि दोन्ही गट २०० गुणांचे असतात : एकात गणिताचे १०० गुण, दुसऱ्यात जीवशास्त्राचे १००. अभियांत्रिकीच्या गुणवत्ता यादीत जीवशास्त्राचे गुण कुठेच धरले जात नाहीत; प्रवेशासाठी बारावीत गणित गटाचे एकत्रित गुण खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के व राखीव प्रवर्गाला ४० टक्के लागतात. जीवशास्त्राला दिलेले रोजचे दोन तास कुठे जातात, हे पालकांना या आकड्यांवरून जितके लवकर कळते तितके आपल्या तक्रारीवरून कळत नाही.

हे सगळे एका फुलस्केप कागदावर, स्वतःच्या अक्षरात, तीन रकान्यांत लिहावे. पहिल्या रकान्यात विषय सोडल्यावर बंद होणारे अभ्यासक्रम, दुसऱ्यात खुले राहणारे, तिसऱ्यात मोकळ्या झालेल्या वेळेत काय करणार त्याचे वेळापत्रक. बंद होणाऱ्यांची यादी मुद्दाम पूर्ण लिहावी. एखादा अभ्यासक्रम लपवला आणि तो नंतर मामाने किंवा शेजारच्या काकांनी सांगितला, तर उरलेल्या कागदावरचाही विश्वास जातो. तिसऱ्या रकान्यात मोघम लिहू नये. ‘जास्त अभ्यास करीन’ याला काही किंमत नाही; ‘सोमवार, बुधवार, शुक्रवार सायंकाळी सहा ते आठ जीवशास्त्राच्या क्लासऐवजी गणिताची उदाहरणे, रविवारी सकाळी सीईटीचा एक सराव पेपर’ याला आहे.

बोलण्याची वेळ निवडावी. चाचणीचे गुण कळले त्या संध्याकाळी, वडील कामावरून येऊन चहा घेत असताना, किंवा पाहुणे बसलेले असताना हा विषय काढू नये. रविवारी जेवणानंतरचा निवांत वेळ चांगला. अनेक मुले आधी आईला गाठतात आणि ‘तू बाबांना सांग’ म्हणतात. मला हे योग्य वाटत नाही, कारण मग निर्णयाचा भार आईवर पडतो आणि पुढे काही बिनसले तर बोलही तिलाच लागतो. दोघांना एकत्र बसवून सांगावे. सुरुवात साधी असावी : ‘आई, बाबा, मला तुमच्याशी विषयांबद्दल बोलायचंय. मी महिनाभर विचार केलाय, कॉलेजात चौकशी केलीय आणि ती लिहून आणलीय. आधी तुम्ही हे वाचा, मग मला काय ते विचारा.’ कागद त्यांच्या हातात द्यावा आणि ते वाचत असताना गप्प बसावे.

बहुतेक घरांत त्यानंतर जे उत्तर येते ते असे : ‘राहू दे की, असला तर काय बिघडलं? पास तर होशीलच.’ यावर चिडू नये. हे वाक्य काळजीपोटी आलेले असते. ‘बाबा, पास होईन, पण त्या विषयाच्या शंभर गुणांसाठी जो वेळ जातो तो ज्या तीन विषयांवर प्रवेश ठरणार आहे त्यांतून जातो,’ असे शांतपणे सांगावे आणि वेळापत्रकाचा रकाना दाखवावा. दुसरा प्रश्न येतो तो ‘पुढे मन बदललं तर?’ याचे खरे उत्तर असे आहे की बारावी उत्तीर्ण झाल्यावर एखादा विषय ‘तुरळक विषय’ म्हणून घेऊन मंडळाच्या परीक्षेला पुन्हा बसता येते, आणि बारावीनंतर जीवशास्त्र अतिरिक्त विषय म्हणून घेतलेल्यांना नीटला बसण्याची मुभा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२३ मध्ये दिली आहे. पण हे सांगताना त्यात एक वर्ष जाते, प्रात्यक्षिकांची सोय पाहावी लागते, हेही सांगावे. खिडकी आहे एवढेच म्हणावे, दार आहे असे भासवू नये.

आईवडिलांचे स्वतःचे शिक्षण कमी असेल, किंवा अकरावी-बारावीच्या या गटांशी त्यांचा कधी संबंध आला नसेल, तर कागद पुरा पडत नाही. अशा वेळी त्यांना महाविद्यालयात घेऊन जावे आणि वर्गशिक्षकांशी किंवा संबंधित विषयाच्या सरांशी भेट घालून द्यावी. मात्र सरांना आधी भेटून आपला विचार सांगितलेला असावा. पालकांसमोर शिक्षकाला ही गोष्ट प्रथमच कळली तर ते सावधपणे ‘ठेवा चारही’ असेच म्हणणार. घरात ज्यांच्या शब्दाला मान आहे, मग ते आजोबा असोत, मोठे काका असोत की शिक्षक असलेली आत्या, त्यांनाही तोच कागद दाखवावा. त्यांना वकील म्हणून उभे करण्याची गरज नाही. निर्णयानंतर ‘आम्हाला कुणी विचारलंच नाही’ असा सूर लागू नये, एवढाच हेतू.

पैशाचा विषय टाळू नये. चारही विषयांच्या क्लासची दोन वर्षांची फी अनेक पालकांनी एकरकमी भरलेली असते, काहींनी त्यासाठी कर्ज काढलेले किंवा दागिना गहाण ठेवलेला असतो, आणि मुलांना ते सांगितलेले नसते. क्लासच्या कार्यालयात जाऊन एका विषयाची फी परत मिळते का, किंवा ती दुसऱ्या तुकडीत वळती होते का, याची चौकशी आधीच करावी, आणि उत्तर नकाराचे असेल तर तेही कागदावर लिहावे. ‘तुमचे एवढे पैसे जातील हे मला कळतंय’ असे मुलाने आपण होऊन म्हटलेले पालक विसरत नाहीत.

एवढे करूनही नकार आला तर त्याच बैठकीत वाद वाढवू नये. नकाराचे कारण नीट विचारावे आणि पुन्हा बोलण्याची तारीख ठरवून घ्यावी, उदाहरणार्थ सहामाहीचा निकाल लागल्यावर. तोपर्यंत तो विषय प्रामाणिकपणे करावा. मुद्दाम नापास होऊन दाखवणे, जेवण सोडणे, अबोला धरणे यांनी कदाचित विषय सुटेल, पण पुढच्या प्रत्येक निर्णयात घरचे तुमच्यावर पहारा ठेवतील. तारीख ठरवताना महाविद्यालयाची मुदत लक्षात असू द्यावी. विषयबदल अकरावीत जितक्या लवकर होईल तितका चांगला. नव्या विषयाचा बुडालेला भाग भरून काढावा लागतो, आणि बारावीत गेल्यावर बदल फार अवघड होतो.

होकार मिळाला की लगेच अर्ज द्यावा. मजकूर थोडक्यात असावा : ‘मा. प्राचार्य यांस, विषय : ऐच्छिक विषय बदलून मिळणेबाबत. मी अकरावी विज्ञान, तुकडी अमुक, हजेरी क्रमांक अमुक येथे शिकत असून जीवशास्त्र या विषयाऐवजी भूगोल हा विषय घेऊ इच्छितो. माझ्या पालकांची संमती असून त्यांची स्वाक्षरी खाली आहे. तरी विषय बदलून मिळावा, ही विनंती.’ अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर कार्यालयाचा शिक्का व तारीख घ्यावी आणि ती प्रत वडिलांकडे ठेवायला द्यावी. नव्या विषयाच्या शिक्षकांना त्याच आठवड्यात भेटून बुडालेली प्रात्यक्षिके कधी पूर्ण करायची ते ठरवावे. बारावीत मंडळाचा परीक्षा अर्ज भरला गेल्यावर तपासणीसाठी प्रीलिस्ट येते, तेव्हा तीत विषयांचे सांकेतांक स्वतः पाहावेत. गणिताचा ४० आणि जीवशास्त्राचा ५६ असतो, आणि जुनाच विषय तिथे राहून गेलेला दिसला तर सही न करता तिथल्या तिथे लिपिकाला दाखवून दुरुस्त करून घ्यावा.