बीपीचा कफ बांधण्याआधी कोपराची खोबण चाचपा

उजवा तळहात वर करून हात टेबलावर ठेवा, कोपर किंचित वाकवा. खोबणीच्या मधोमध दोरीसारखं ताठ काहीतरी बोटाला लागेल. ते बायसेप्सचं टेंडन, म्हणजे दंडाच्या स्नायूचं टोक हाडाला बांधणारी दोरी. तिथून बोट करंगळीच्या बाजूला जेमतेम एक सेंटिमीटर सरकवा आणि जरा दाबा. टकटक लागली की ती ब्रेकियल आर्टरी, म्हणजे दंडाची धमनी. तिच्याही पलीकडे मीडियन नर्व्ह, म्हणजे चेतातंतू. अंगठ्याकडून करंगळीकडे टेंडन, आर्टरी, नर्व्ह असा हा क्रम. नर्सिंगच्या तोंडी परीक्षेत विचारला जातो म्हणून पाठ करतातच, पण बीपी घेताना बोटांना तो आठवला पाहिजे.

त्वचेखाली निळी दिसते ती मीडियन क्युबिटल व्हेन, म्हणजे शीर. रक्ताचा नमुना काढायला तीच वापरतात. बीपीसाठी तिच्याकडे बघू नका. ती उडत नाही आणि आर्टरी तिच्या खाली आहे. दोघींच्या मध्ये बायसेप्सच्या टेंडनपासून निघालेला एक पातळ पण चिवट पडदा असतो. शीर कापून रक्त काढण्याच्या जुन्या काळात या पडद्यामुळे कित्येकांची धमनी वाचली असेल.

आर्टरी लागत नसेल तर कोपर थोडं सरळ करा. जोरात दाबू नका, त्याने नाडी बंद पडते. अंगठा तर वापरूच नका, कारण त्यात आपलीच नाडी लागते.

आता कफ, म्हणजे दंडाला बांधायचा पट्टा. त्यातला हवेचा फुगा महत्त्वाचा, वरचं कापड नव्हे. फुग्याची रुंदी दंडाच्या घेराच्या 40 टक्के आणि लांबी 80 टक्के हवी. घेर 30 सेंमी असेल तर फुगा 12 सेंमी रुंद आणि 24 सेंमी लांब. रोज माडावर चढणाऱ्या पाडेलीचा किंवा मासळीच्या पाट्या उचलणाऱ्या मावशीचा दंड यात सहसा बसत नाही, मोठा कफ आणावा लागतो. छोटा कफ दंडाला नुसताच आवळतो, दाब खोलवर आर्टरीपर्यंत पुरा पोचत नाही. मग ती बंद करायला जास्त हवा भरावी लागते आणि आकडा खोटाच वर जातो. अशा चुकीच्या आकड्यावर माणसाला गोळी सुरू होऊ शकते. उलट कफ फार मोठा असेल तर आकडा थोडा खाली येतो.

फुग्याचा मध्य आर्टरीवर आणि खालची कड खोबणीच्या 2 ते 3 सेंमी वर येऊ द्या. आत दोन बोटं शिरतील इतपतच घट्ट बांधा. घट्ट बाही वर गुंडाळून ठेवू नका, काढायलाच सांगा. गुंडाळी दंडाला दुसऱ्या पट्ट्यासारखी आवळते.

दंड हृदयाच्या पातळीवर, म्हणजे छातीच्या हाडाच्या मध्यावर, उशीचा किंवा टेबलाचा आधार देऊन ठेवा. बीपी पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात आणि रक्त पाऱ्यापेक्षा सुमारे 13 पट हलकं असतं. त्यामुळे हात 10 सेंमी खाली लोंबकळत असेल तर बीपी 7 ते 8 मिलिमीटरने वाढलेलं दिसतं, तेवढाच वर असेल तर तितकंच कमी. पेशंटला स्वतःच हात उचलून धरायला लावलं तर स्नायू ताणले जाऊन आकडा आणखी वाढतो.

मे महिन्याच्या उन्हात गोव्याच्या सरकारी कदंबा बसमधून उतरून, चढ चढून ओपीडीत आलेल्या माणसाला लगेच कफ बांधू नये. आधी 5 मिनिटं पाठ टेकून बसवा. पाय जमिनीवर टेकलेले आणि एकमेकांवर न टाकलेले हवेत. लघवीला जायचं असेल तर आधी जाऊन येऊ द्या. चहा-कॉफी किंवा विडी-सिगारेट होऊन अर्धा तास झालेला असावा. बोलण्यानेही बीपी वाढतं. आपल्याकडची माणसं गप्प बसणं कठीणच, तेव्हा कोकणीत हसून ‘मात्शें रावात, उलयनाकात’ (जरा थांबा, बोलू नका) म्हणा आणि आपणही प्रश्न विचारू नका.

हवा भरण्याचे टप्पे दोन. पहिल्यात स्टेथोस्कोप नको. मनगटावरची रेडियल नाडी धरून हवा भरत जा आणि ती कुठे गेली तो आकडा लक्षात ठेवा. 1896 साली इटलीत रिव्हा-रोची यांनी कफ बनवला तेव्हा मोजमाप इथेच थांबत होतं, फक्त वरचं बीपी कळायचं. हवा सोडा, मिनिटभर थांबा. मग स्टेथोस्कोपचं तोंड (डायफ्रॅम किंवा बेल) चाचपलेल्या आर्टरीवर ठेवा, कफच्या खाली खुपसू नका. लक्षात ठेवलेल्या आकड्याच्या 20 ते 30 वर हवा भरा आणि सेकंदाला 2 ते 3 मिलिमीटर या गतीने सोडा.

मोकळ्या धमनीत रक्त सरळ वाहतं, आवाज नसतो. कफने ती अर्धवट चिमटली की प्रत्येक ठोक्याला रक्त फटीतून उसळतं आणि टक ऐकू येतं. रशियन सर्जन कोरोटकॉफ यांनी 1905 मध्ये हे आवाज मांडले. पहिली स्पष्ट टक म्हणजे सिस्टोलिक (वरचं बीपी), आवाज पूर्ण थांबतो ते डायस्टोलिक (खालचं). काही गरोदर बायकांत आवाज शून्यापर्यंत येतच राहतो. तिथे तो एकदम मंद होतो तो आकडा धरा.

पहिला टप्पा गाळायचा मोह होतो. पण काही पेशंटांत, विशेषतः बीपी वाढलेल्या वयस्कांत, आवाज मध्येच गायब होऊन खाली पुन्हा सुरू होतो. अंदाजाने 160 पर्यंतच हवा भरली आणि ती नेमकी या शांत पट्ट्यात थांबली, तर 190 चं बीपी 150 म्हणून नोंदलं जाईल. नाडी मात्र या पट्ट्यातही बोटाला लागत राहते, म्हणून ती आधी बघायची.

हवा भराभर सोडली तर पहिली टक निसटते: सिस्टोलिक कमी, डायस्टोलिक जास्त येतं. मध्येच शंका आली म्हणून थांबून पुन्हा हवा भरू नका. हातात रक्त साचतं आणि आवाज मंदावतात. पूर्ण सोडा, 1-2 मिनिटांनी परत घ्या. नाडी अनियमित असेल तर आणखी सावकाश, आणि तीनदा घेऊन सरासरी काढा.

उठल्यावर गरगरतं म्हणणाऱ्याचं बीपी फक्त बसवून घेऊन भागत नाही. उभं राहताच अर्धा लिटरहून जास्त रक्त पाय आणि पोटाकडे उतरतं. मानेतल्या धमनीच्या फुगवट्यातले (कॅरोटिड सायनस) आणि महाधमनीच्या कमानीतले दाब ओळखणारे बॅरोरिसेप्टर ते टिपतात. हृदयाचे ठोके वाढतात, आर्टेरिओल, म्हणजे बारीक धमन्या, आवळतात. वय, डायबिटीस, बीपीच्या गोळ्या किंवा घामाने झालेली पाण्याची तूट यांमुळे ही सावरासावर उशिरा होते. 5 मिनिटं आडवं ठेवून बीपी घ्या, मग उभं करून 1 आणि 3 मिनिटांनी. वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 ने उतरला तर लगेच सिस्टरना कळवा. पेशंट पडेल हे धरूनच शेजारी उभ्या राहा.

डायलिसिसचा फिस्टुला (धमनी आणि शीर यांचा केलेला जोड) असलेल्या हातावर कफ कधीच बांधू नका: रक्ताचा ओघ थांबून आत गुठळी होऊ शकते. स्तनाच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या असतील ती बाजू आणि सलाईन चालू असलेला हातही टाळा.

डायलवरच्या रेघा 2-2 मिलिमीटरच्या असतात, तेव्हा चार्टवर 125 लिहिलेलं दिसलं तर ते कानाने ऐकलेलं नाही. 120/80 ची रांगच्या रांग दिसली तरी तीच शंका घ्या. नोंद अशी असावी: 128/82, उजवा हात, बसून, मोठा कफ, सकाळी 8.10.