संविधान दिनाच्या भाषणात बाबासाहेबांविषयी या चुका टाळा

नागपुरात संविधान दिनाच्या वक्तृत्व स्पर्धांसाठी विद्यार्थ्यांची भाषणे तपासताना बहुधा पहिलेच वाक्य खटकते : ‘बाबासाहेबांचा जन्म कोकणातील आंबडवे गावी झाला.’ मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे त्यांच्या घराण्याचे मूळ गाव. जन्म मात्र १४ एप्रिल १८९१ रोजी आजच्या मध्य प्रदेशातील महूच्या लष्करी छावणीत झाला, कारण वडील रामजी सुभेदार तेथे सैन्यात होते. मूळ गाव, जन्मगाव आणि बालपणीचे गाव यांचा उल्लेख स्वतंत्रपणे करावा.

‘महाराष्ट्राने त्यांना संविधान सभेत पाठवले’ हे विधानही अपुरे आहे. १९४६ मध्ये ते प्रथम बंगाल प्रांताच्या विधानसभेतून निवडून आले. फाळणीमुळे ती जागा गेल्यावर १९४७ मध्ये मुंबई प्रांतातून त्यांची निवड झाली. प्रांताचा अभिमान बाळगताना हा बंगालचा वाटा गाळू नये, असे मला मनापासून वाटते.

याहून मोठी चूक म्हणजे गावाचे नाव घेऊन थेट उद्देशिकेवर उडी मारणे. मधला दुवा साताऱ्याच्या शाळेत सापडतो : तेथे त्यांना स्वतःच्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे आणि शिपायाने नळ उघडून दिल्याशिवाय पाणी पिता येत नसे. हा प्रसंग सांगून मग अस्पृश्यता नष्ट करणाऱ्या कलम १७ कडे वळावे, म्हणजे समता हा शब्द ऐकणाऱ्याला कोरडा वाटत नाही.

स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तत्त्वे त्यांनी फ्रेंच राज्यक्रांतीतून उचलली, असेही सर्रास लिहिले जाते. १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात त्यांनी स्वतःच हे नाकारले आणि आपण ती बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतल्याचे सांगितले. दीक्षाभूमीच्या शहरात तरी ही चूक होऊ नये. मात्र नागपूरचा संबंध १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेपुरताच नाही. जुलै १९४२ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन या त्यांच्या राजकीय पक्षाची स्थापनाही येथेच झाली.

तपशिलाच्या दोन दुरुस्त्याही लक्षात ठेवाव्यात : ते मसुदा समितीचे अध्यक्ष होते, संविधान सभेचे अध्यक्ष डॉ. राजेंद्रप्रसाद होते, आणि उद्देशिकेतील ‘समाजवादी’ व ‘धर्मनिरपेक्ष’ हे शब्द १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आले, त्यामुळे १९४९ ची उद्देशिका म्हणून आजचा मजकूर वाचून दाखवू नये.