‘अनमेट डिपेन्डन्सीज’ दिसलं की आधी काय बघायचं

सिस्टिम ॲडमिनच्या कामात नवे असाल, तर उबुंटू किंवा डेबियन या लिनक्स प्रणालींवर ‘अनमेट डिपेन्डन्सीज’ या एररशी, म्हणजे एखाद्या पॅकेजला लागणारी दुसरी पॅकेजेस न जुळण्याशी, लवकरच गाठ पडेल. बरेच जण घाईनं नेटवर सापडलेली ‘फोर्स’वाली कमांड चालवतात आणि गुंता वाढवून ठेवतात. खरं तर एरर नीट वाचला तर निम्मं उत्तर त्यातच असतं.

नेहमीचं उदाहरण घ्या. उबुंटू २२.०४ वर लिबएसएसएल-डेव्ह (लिबएसएसएल लायब्ररी वापरून प्रोग्रॅम बनवायला लागणारं ‘डेव्ह’ पॅकेज) टाकायला गेलात आणि एपीटी (पॅकेजेस बसवणारं साधन) म्हणालं, याला लिबएसएसएल३ची अमुक आवृत्ती हवी, पण इथे तिच्याहून नवी आहे. कंसातलं चिन्ह बघा. ‘>=’ असेल तर ती किंवा नंतरची कुठलीही चालते; नुसतं ‘=’ असेल तर तंतोतंत तीच लागते. डेव्ह पॅकेजेस सहसा आपल्या लायब्ररीशी ‘=’नं बांधलेली असतात, म्हणून खटका इथेच उडतो.

आता लिबएसएसएल३साठी ‘एपीटी पॉलिसी’ चालवा. तीन चांदण्यांची ओळ म्हणजे सध्या बसलेली आवृत्ती. तिच्याखाली ५०० आणि सर्व्हरचा पत्ता दिसला, तर ती रिपॉझिटरीत, म्हणजे सर्व्हरवरच्या पॅकेजेसच्या साठ्यात, मिळते आहे. फक्त १०० आणि डीपीकेजीच्या (एपीटीच्या खाली राहून पॅकेज प्रत्यक्ष बसवणाऱ्या साधनाच्या) स्टेटस फाइलचा पाथ दिसला, तर चालू असलेल्या एकाही रिपॉझिटरीत ती नाही. निदान इथेच होतं. एक तर सोर्सेसमधून, म्हणजे रिपॉझिटरींच्या यादीतून, ‘अपडेट्स’ किंवा ‘सिक्युरिटी’ बंद झालं आहे, नाही तर ते पॅकेज आता बंद असलेल्या पीपीएतून (उबुंटूबाहेरच्या कुणाच्या वेगळ्या रिपॉझिटरीतून) किंवा हातानं उतरवलेल्या डेब फाइलमधून आलेलं आहे.

पहिल्या बाबतीत ते परत सुरू करा आणि एपीटी अपडेट चालवा. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं. २४.०४ पासून हे सगळं ‘उबुंटू.सोर्सेस’ या फाइलमध्ये असतं, जुनी सोर्सेस.लिस्ट उघडून शोधत बसू नका. पीपीएचा घोळ असेल तर ‘पीपीए-पर्ज’ वापरा. ते पॅकेजेस मूळ आवृत्तीवर आणतं, पण पीपीए आधीच काढून टाकलेला असेल तर तो परत जोडावा लागतो. हातानं जुन्या आवृत्तीवर उतरायचं तर पॅकेजच्या नावापुढे ‘=’ लावून आवृत्ती द्या, आणि एकमेकांत अडकलेली सगळी पॅकेजेस एकाच कमांडमध्ये घ्या. एकेक करून गेलात की तोच एरर परत येतो.

‘हेल्ड ब्रोकन पॅकेजेस’ या शब्दांनी फसू नका. ‘एपीटी-मार्क शोहोल्ड’ची, म्हणजे मुद्दाम रोखून ठेवलेल्या पॅकेजेसची, यादी अनेकदा रिकामीच निघते, एपीटीला जुळणारा मार्ग सापडला नाही, इतकाच अर्थ असतो. इन्स्टॉल मध्येच तुटलं असेल तर प्रकार वेगळा: आधी डीपीकेजीचं ‘कॉन्फिगर -ए’, मग एपीटीचं ‘फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’.

‘वाय’ दाबण्यापूर्वी तीच कमांड ‘-एस’ लावून चालवा. प्रत्यक्षात काहीच बदलत नाही, फक्त काय होईल ते दिसतं. त्यातली ‘रिमूव्ह्ड’ची यादी शेवटपर्यंत वाचा. २०२१ मध्ये उबुंटूवर बेतलेल्या पॉप ओएसवर स्टीम हे गेम्सचं ॲप बसवताना डेस्कटॉपच निघून गेल्याचं प्रकरण गाजलं होतं. स्टीमला ३२-बिट लायब्ररी लागतात, आणि ३२ व ६४-बिट लायब्ररी शेजारी शेजारी बसवायच्या तर दोन्हींची आवृत्ती एकच असावी लागते. काय काय निघणार याची यादी तेव्हाही स्क्रीनवर आलेली होती.

नको ते निघून गेलंच, तर व्हार-लॉगमधल्या एपीटीच्या फोल्डरात हिस्टरी.लॉग उघडा. कुठल्या कमांडनं कुठलं पॅकेज कुठल्या आवृत्तीसह गेलं ते तिथे तारीखवार लिहिलेलं असतं. परत बसवायची यादी त्यातूनच काढा.