घोड्यांचे फोटो काढून पोट भरायचं असेल तर

घोड्यांचे फोटो काढून घर चालतं का, असं लग्नाच्या फोटोग्राफीतले माझे जुने सोबती अजूनही विचारतात. चालतं. मात्र त्यासाठी वर्षभर फिरावं लागतं आणि घोडा कळावा लागतो. आपला फोटो विकत घेणारा माणूस फोटोतला जाणकार असेलच असं नाही, घोड्यातला मात्र नक्की असतो. मागची झाडी किती छान धूसर झाली, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. तो आधी पाय बघतो, मग कान, मग डोळा. पाय चुकीच्या क्षणी पकडलेला असेल तर तो फोटो त्याच्या लेखी वाया गेलेला असतो. म्हणून कॅमेऱ्याच्या दुकानात जाण्याआधी तबेल्यात जा.

मी दौंडकडची. हा जुना भीमथडीचा मुलूख. मराठ्यांच्या फौजेला लांबच्या मजला मारून देणारी भीमथडी तट्टं याच पट्ट्यातली. मेंढ्या घेऊन आमच्या शिवारात उतरणाऱ्या धनगरांकडे तीच बुटकी, काटक घोडी पाठीवर संसार घेऊन चालताना मी लहानपणापासून पाहत आले. वडिलांचा स्टुडिओ होता, त्यामुळे कॅमेरा घरातच होता. घोडा मात्र पुण्यातल्या एका रायडिंग स्कूलमध्ये, पहाटे मोतद्दारांच्या, म्हणजे घोड्यांची देखभाल करणाऱ्यांच्या जोडीने खरारा करताना कळत गेला.

तुम्हीही हेच करा. जवळच्या रायडिंग स्कूलमध्ये, पागेत, नाहीतर टांगेवाल्याकडे जा आणि पहिले काही महिने कॅमेरा बाहेर न काढता काम करा. घोड्याला जवळजवळ चहूबाजूंनी दिसतं. कपाळासमोरची अगदी जवळची जागा आणि शेपटीच्या थेट मागची जागा, एवढंच काय ते त्याच्या नजरेबाहेर असतं. त्यामुळे त्याच्याकडे डाव्या खांद्याच्या रोखाने, बोलत बोलत जायचं. कान पुढे म्हणजे लक्ष आहे, कान मागे चपटे म्हणजे दूर व्हा. एक मागचा पाय सैल सोडून उभा असेल तर तो विसावलाय. फडफडणारा रेनकोट, प्लॅस्टिकची पिशवी, एकदम उघडलेली छत्री किंवा रिफ्लेक्टर यांनी शांत घोडाही बुजतो आणि त्याच्या पाठीवर बहुतेक वेळा कोणाचं तरी लेकरू असतं. फ्लॅश तर बॅगेतसुद्धा ठेवू नका. एका तबेल्यातून दुसऱ्यात जाताना बूट धुवायचे, हात धुवायचे. ग्लँडर्ससारखा रोग घोड्यांकडून माणसालाही होतो. तबेल्यांत जाणाऱ्या फोटोग्राफरने या बाबतीत हयगय केली तर त्याला पुन्हा कोणी दारात उभं करणार नाही, आणि ते योग्यच आहे.

मोतद्दाराशी नातं जोडा. घोडा कुठल्या बाजूने देखणा दिसतो, कोणत्या आवाजाला कान टवकारतो, सकाळी फेरी मारून आणल्यावर शांत होतो की आणखी तापतो, हे मालकाला ठाऊक नसतं तेवढं त्याला ठाऊक असतं. त्याच्या घोड्याबरोबरचा एक फोटो छापून त्याच्या हातात द्या. मला मिळालेल्या चांगल्या कामांपैकी निम्मी तरी अशा माणसांच्या तोंडी शिफारशीने आली आहेत.

आता चाली. साध्या चालीत चारही पाय वेगवेगळे पडतात, चार ठोके ऐकू येतात. दुडकीत तिरपे पाय, म्हणजे एक पुढचा आणि विरुद्ध बाजूचा मागचा, जोडीने पडतात, म्हणजे दोन ठोके. कँटरमध्ये, म्हणजे दुडकी आणि भरधाव यांच्या मधल्या चालीत, तीन. भरधाव सुटला की पुन्हा चार आणि त्यानंतर एक क्षण घोडा संपूर्ण हवेत. जुन्या चित्रांत भरधाव घोड्याचे पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणलेले दिसतात. १८७८ साली मायब्रिज या फोटोग्राफरने कॅलिफोर्नियात ओळीने कॅमेरे मांडून दाखवून दिलं की घोडा हवेत असतो तेव्हा चारही पाय पोटाखाली गोळा झालेले असतात. हा क्षण डोळ्यांनी टिपता येत नाही, कानांनी टिपता येतो. रिंगणाच्या कडेला डोळे मिटून उभे राहा आणि ठोके मोजा. सेकंदाला वीस फोटो काढणारा कॅमेरा असला तरी ही सवय लागतेच, कारण नाहीतर रात्री हजारो फाइल्स चाळत बसावं लागतं.

दुडकीत तिरपी जोडी पूर्ण ताणलेली असताना बटण दाबायचं. पुढच्या पायाचा वरचा भाग आणि मागच्या पायाची नळी एकमेकींना समांतर दिसली की प्रशिक्षक खूश होतो. ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेत, घोड्याच्या कपाळाची रेघ उभ्या रेषेच्या किंचित पुढे हवी. हनुवटी छातीत घुसलेला फोटो कितीही नाट्यमय वाटला तरी जाणकाराला त्यात सवारीचा दोष दिसतो, आणि असा फोटो स्वार कधीच घेणार नाही. शो जंपिंगला अडथळ्याच्या पलीकडच्या बाजूला, उतरण्याच्या रेषेपासून तिरपे उभे राहा. घोडा सर्वात उंच असताना दोन्ही गुडघे वर, पुढचे पाय घट्ट दुमडलेले, स्वाराची नजर पुढच्या अडथळ्याकडे आणि हातांनी लगाम सैल सोडलेला, असं सगळं एका चौकटीत यायला हवं. एक पाय लोंबकळत असेल तर फोटो बाजूला ठेवा. शटर १/१००० सेकंदाच्या खाली आणू नका, मला १/१६०० बरा वाटतो. वेगाची जाणीव हवी असेल तर १/६० ते १/१२५ वर कॅमेरा घोड्याबरोबर फिरवायचा. तो सराव मात्र पगारी कामाच्या दिवशी करायचा नसतो.

सामान फार लागत नाही. वेगाने फोकस धरणारी एक बॉडी आणि ७०-२०० मिलिमीटरची एफ २.८ लेन्स यांवर काही वर्षं सहज निघतात. दोन्ही वापरलेल्या घेतल्या तरी चालतं. प्राण्याचा डोळा शोधणारा फोकस कधी स्वाराच्या चेहऱ्यावर तर कधी खोगिरावर उडी मारतो. तेव्हा तो बंद करून मानेच्या बुडाशी फोकस धरून ठेवा.

सुरुवातीला हमखास पैसे देणारं काम विक्रीच्या फोटोंचं आहे, आणि त्याबद्दल मला जरा सविस्तर सांगायचं आहे, कारण नवे लोक नेमकं हेच काम हलकं समजतात. घोडा कडक, सपाट जमिनीवर उभा करा. गवतात खूर बुडतात आणि खूर न दिसणाऱ्या फोटोवर कोणी विश्वास ठेवत नाही. कॅमेरा घोड्याच्या खांद्याएवढ्या उंचीवर, बरोबर बाजूने, अंतर भरपूर, लेन्स १३५ च्या पुढे. मोबाइलने जवळून काढलेल्या फोटोत डोकं मोठं आणि मागचा भाग बारका दिसतो; चांगल्या घोड्याची किंमत अशाने पडते. कॅमेऱ्याकडचा पुढचा पाय किंचित पुढे, कॅमेऱ्याकडचा मागचा पाय थोडा मागे, पलीकडचे दोन्ही पाय त्यांच्या आत दिसतील असे. शेपूट स्थिर, मान नैसर्गिक. मग मदतनीस समोर थोड्या अंतरावर जाऊन खाद्याची पिशवी खुळखुळवतो, कान पुढे येतात आणि तेवढ्या दोन सेकंदांत काम उरकायचं. मोबाइलवर खिंकाळण्याचा आवाज लावला तरी चालतं, पण एका घोड्याला एकदाच. दुसऱ्यांदा तो फसत नाही.

मारवाडी घोड्याचे कान आतल्या बाजूला वळलेले असतात आणि टवकारले की टोकं एकमेकांना भिडतात. तो समोरून काढलेला फोटो वेगळा द्यावाच लागतो. गिऱ्हाईक अंगावरचे केसांचे भोवरेही विचारतं, देवमण हा शुभ मानला जाणारा भोवरा आहे का, कुठे आहे. पंचकल्याणी असेल तर चारही पाय गुडघ्यापासून खाली आणि कपाळाचा पट्टा स्वच्छ दिसायला हवा, म्हणून आधी पाय धुऊन घ्या. नुकरा, म्हणजे पांढरा घोडा चौकटभर आला की कॅमेरा त्याला राखाडी करून टाकतो, म्हणून प्रकाश वाढवायचा, पण पाठीवरची चमक जळू द्यायची नाही. काळ्या मुश्कीचं उलटं, कॅमेरा त्याला फिकट करतो, म्हणून प्रकाश कमी करायचा आणि सकाळचं तिरपं ऊन धरायचं, म्हणजे स्नायूंवरची झळाळी उतरते. दहानंतर मी विक्रीचे फोटो काढत नाही. आणि एक गोष्ट ठामपणे सांगते: विक्रीच्या फोटोत जखमेचा व्रण पुसायचा नाही, पाय सरळ करायचा नाही. मालक आग्रह करतो, जास्त पैसे देऊ म्हणतो. तरीही नाही. त्या फोटोवर विसंबून कोणीतरी आपली जमापुंजी घालणार असतं.

हे काम शिकायला सारंगखेड्यासारखी दुसरी जागा नाही. नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यात तापीच्या काठी एकमुखी दत्ताची यात्रा भरते. दत्तजयंतीपासून घोडेबाजार रंगतो. देशभरातून मारवाडी, काठेवाडी, पंजाबचे घोडे येतात, रेवाल ही वेगवान, धक्के न देणारी चाल दाखवतात, नाचकाम होतं. लाखांत किमती बोलल्या जातात. तिथे पहाटे जा, जनावरं धुवायला नेतात तेव्हा. परवानगी विचारा, फोटो काढा, त्याच दिवशी व्यापाऱ्याच्या मोबाइलवर पाठवा. दुपारपर्यंत त्याचा शेजारी तुम्हाला हाक मारतो. नांदेड जिल्ह्यातली माळेगावची खंडोबाची यात्रा आणि अकलूजचा घोडेबाजारही असाच कामाचा.

बाकीचं वर्ष असं भरतं. पावसाळ्यात पुण्याचा रेसिंग सीझन, थंडीत मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सचा, फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी २४०० मीटरची इंडियन डर्बी ही मोठी शर्यत. रेसकोर्सवर रेसच्या दिवशी कॅमेरा घेऊन कुठेही उभं राहता येत नाही, क्लबची परवानगी लागते आणि त्यांचे ठरलेले फोटोग्राफर असतात. म्हणून एखाद्या ट्रेनरमार्फत परवानगी काढून पहाटेच्या सरावापासून सुरुवात करा. मालकांना दोन फोटो हवे असतात, एक सरावातला आणि दुसरा जिंकलेल्या घोड्याचा लगाम धरून त्याला आत आणतानाचा. दुसऱ्यात सगळं कुटुंब असतं, तेव्हा लग्नाच्या फोटोग्राफीतली सवय उपयोगी पडते.

थंडीत ड्रेसाज, जंपिंग आणि एंड्युरन्सच्या, म्हणजे लांब पल्ल्याच्या, स्पर्धा असतात. २०२३ साली हांगचौच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या ड्रेसाज संघाने सुवर्ण जिंकलं, त्यात मुंबईचा हृदय छेडा होता. मुलांना रायडिंगला घालणारे आईबाप या बातमीचा उल्लेख माझ्याजवळ अनेकदा करतात. लहान गटांच्या स्पर्धांत फोटो सर्वात जास्त हेच आईबाप घेतात. आयोजकांशी आधी बोलून घ्या, प्रत्येक स्वाराचे निदान चार फोटो काढा, हरलेल्याचेही, आणि संध्याकाळीच दाखवा. आठवडा गेला की कोणी विचारत नाही.

उत्तर पुण्यातल्या बैलगाडा घाटांत, म्हणजे शर्यतीच्या धावपट्ट्यांवर, बैलांपुढे घोडी पळवणारे स्वार आहेत. त्यांचे फोटो फार थोड्यांनी नीट काढले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या मे महिन्यात शर्यतींना परवानगी देणारा कायदा कायम ठेवल्यापासून तिथे नियमित जाता येतं. घाटाच्या आत मात्र उतरू नका.

आणि वारीतलं रिंगण. त्यातून पैसे फारसे मिळत नाहीत, तरी मी ते कधी चुकवत नाही. अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व येतात. एकावर पताका घेतलेला स्वार, दुसऱ्याची पाठ रिकामी, कारण त्यावर माउली बसलेली असते. पताकावाले, तुळशीवाल्या, विणेकरी धावून झाले की अश्व सुटतात. पुढे जागा मिळवायला धक्काबुक्की करू नका. मागे, थोड्या उंचीवर उभे राहा, म्हणजे घोडा आणि त्याच्यावर खिळलेले हजारो डोळे एकत्र येतात. अश्व गेल्यावर लोक टापांखालची माती कपाळाला लावायला धावतात, तोही फोटो तितकाच महत्त्वाचा.

पैशाचं थोडक्यात. विक्रीच्या फोटोला घोड्यामागे दर लावा, खासगी कामाला अर्ध्या दिवसाचा. प्रवास आणि मुक्काम वेगळा, निम्मी रक्कम आधी. दर ठरवताना लेन्सची झीज, पेट्रोल आणि घरी बसून निवडण्यात जाणारे तास धरा, नाहीतर दिवसभर राबून हाती काही उरत नाही. उद्यम, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी फुकट होते, ती करून टाका. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की जीएसटी लागतो. पहिली दोन वर्षं लग्नाची कामं सोडू नका, फक्त घोड्यांच्या हंगामातल्या तारखा रिकाम्या ठेवा.

हक्कांचं मात्र पहिल्या कामापासून लिहून घ्या. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७ प्रमाणे, पैसे देऊन कोणी तुमच्याकडून फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक तो ठरतो, तुम्ही नाही. मग स्टड फार्मने, म्हणजे घोड्यांची पैदास करणाऱ्याने, तोच फोटो खाद्याच्या कंपनीला जाहिरातीसाठी दिला तरी तुम्हाला बोलता येत नाही. पानभर करार पुरतो. त्यात लिहा की कॉपीराइट फोटोग्राफरकडे राहील, ग्राहकाला विक्री, छपाई आणि स्वतःच्या समाजमाध्यमांसाठी वापर करता येईल, तिसऱ्याला देण्यासाठी वेगळी परवानगी आणि वेगळा दर. जत्रेत कागदाची सोय नसेल तर काम सुरू करण्याआधी हीच तीन वाक्यं व्हॉट्सअॅपवर पाठवा, समोरच्याकडून ‘मान्य’ असं उत्तर घ्या, आणि तो संदेश जपून ठेवा.