मोंढ्याच्या पट्टीवर मराठी छापण्याआधी

मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, आडत दुकानाची हिशोबपट्टी (शेतकऱ्याला मिळणारी मालाच्या हिशोबाची पावती) प्रोग्रामने मराठीत छापायची असेल, तर फॉन्ट निवडायला बसण्याआधी कागदावर शब्द लिहून काढा. 'शेतकऱ्याचे नाव', 'व्यापाऱ्याचे नाव', बाऱ्हाळी, कळमनुरी, औंढा नागनाथ, गंगाखेड, हळद, कट्टे, तोलाई, ॲडव्हान्स, आणि १ ते ० सगळे आकडे. आपल्या भागातले रोजचे शब्द हवेत, नमुन्याचं गोड वाक्य नको. 'नमस्कार' कुठल्याही फॉन्टमध्ये नीट दिसतो.

उदगीरच्या मोंढ्यात एका आडत दुकानासाठी हिशोबपट्टीचा प्रोग्राम केला, तेव्हा मी ही यादी केली नव्हती. तूर घेऊन आलेल्या एका बाबांनी पट्टी डोळ्यांजवळ धरली. तिच्यावर 'बार्हाळी' असं, ह च्या डोक्यावर रफार देऊन छापलं होतं. "ह्ये आमचं गाव नव्हं," म्हणाले. ते मला फार लागलं. मी फॉन्ट बदलत बसलो, पण दोष साठवलेल्या मजकुरात होता. तिथं साधा र आणि हलन्त (पाय मोडायची खूण) होता, आणि या जोडीचा कुठलाही फॉन्ट रफारच करणार. बाऱ्हाळीतली आडवी कोर हवी असेल तर युनिकोडमधला (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीतला) ०९३१ क्रमांकाचा ऱ आणि मग हलन्त लागतो. म्हणून आधी मजकूर तपासा, फॉन्ट नंतर. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधून बदलून घेतलेल्या याद्यांत ही चूक हमखास सापडते.

मग प्रोग्रामला भाषा सांगा. देवनागरी एवढं सांगून भागत नाही. हिंदीचा ल उभ्या दंडाला टेकलेला, मराठीचा दोन पाकळ्यांचा. श ची घडणही वेगळी. २००९ च्या शासन निर्णयात मराठीची ही रूपं ठरवून दिलेली आहेत. नोटो सॅन्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात, पण मराठीचं रूप भाषा कळली तरच बाहेर येतं. वेबपानाच्या एचटीएमएलमध्ये lang="mr" लिहा. पायथॉनच्या पिलो (Pillow) लायब्ररीने चित्रावर अक्षरं काढत असाल तर राक्म (Raqm) ही वेलांट्या-जोडाक्षरं जागेवर बसवणारी लायब्ररी जोडलेली आहे का पाहा आणि तिथंही भाषा द्या. अशी अक्षरजुळणीची सोय नसेल तर हिंगोलीची पहिली वेलांटी ह च्या उजवीकडे जाऊन बसते. पीडीएफ बनवणाऱ्या कित्येक लायब्रऱ्यांचं हेच दुखणं आहे, त्यामुळे पडद्यावर बरोबर दिसलं म्हणून पीडीएफ बरोबर असेल असं धरू नका.

फॉन्ट प्रोग्रामसोबतच द्या. दुकानातल्या जुन्या संगणकावर काय असेल त्यावर सोडू नका. नोटो आणि मुक्ता यांचा परवाना खुला आहे, सोबत देता येतात. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते.

मराठवाड्यात पट्टीवर एकटी मराठी असेलच असं नाही. उर्दू नावं असतील तर फक्त अरबी लिपीचा फॉन्ट लावून थांबू नका. उर्दू वाचणाऱ्याला नस्तालीक वळण हवं असतं. नोटो नस्तालीक उर्दू घ्या, आणि ओळींमधली जागा चांगली वाढवा, कारण त्यातले शब्द तिरपे उतरत येतात आणि वरच्या-खालच्या ओळीला भिडतात. देगलूर-धर्माबादकडे तेलुगूचा फॉन्टही यादीत ठेवा.

शेवटी खऱ्या रोलवर छापा. पावतीचा थर्मल प्रिंटर बहुधा मिलिमीटरला ८ ठिपके देतो. तेवढ्यात बारीक अनुस्वार पुसट होतो, आणि जबरदस्तीने ठळक केलेल्या अक्षराची पोटं भरून जातात. फॉन्टचं खरं ठळक वजन वापरा, आकार थोडा वाढवा. मग तो रोल मुनीमजींच्या हातात द्या आणि गावांची नावं मोठ्याने वाचायला सांगा. जिथं ते अडखळतील तिथं पेन्सिलने खूण करा, आणि तेवढं दुरुस्त केल्याशिवाय प्रोग्राम दुकानात चालू करू नका.